खजुरीच्या बागा, मोत्यांची पेढी आणि घरची पत्रं

अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या एलायझा लुकास पिंकनीची पत्रवही प्रसिद्ध आहे. सोळाव्या वर्षी मळ्यांचा कारभार अंगावर पडलेली ही मुलगी अँटिग्वाला वडिलांना निळीच्या पिकाची हकिगत कळवायची आणि पाठवलेल्या पत्रांच्या नकला वहीत ठेवायची. नीळ पिकवणारे हात गुलामांचे. त्यांचा आवाज त्या वहीत नाही.

शेती एका किनाऱ्यावर आणि माणसं दुसऱ्या, असंच एक घराणं इथलं, कुवेतचं: अल-इब्राहीम. खजुरीच्या बागा शत्त-अल-अरबच्या काठी, मोत्यांचा व्यापार मुंबईत. १९११ मध्ये कुवेतची पहिली नियमित शाळा, मुबारकिया, उघडली तेव्हा मुंबईकर कासिम अल-इब्राहीम यांनी ३०,००० रुपये दिले. हो, रुपयेच! १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत इथला बाजार रुपयावर चालायचा.

हंगामात खजूर भरून गलबतं मुंबई-मलबारला जात, सागवान घेऊन परतत. पत्रंही त्यांतूनच. टपाल कचेरी १९१५ ची, तीही हिंदुस्थानी टपालखात्याची. १९२३ पासून हिंदुस्थानी तिकिटांवरच ‘कुवेत’ छापून ती इथं विकत. कचेरी येण्याआधी पत्राचा भरवसा बहुतेक नाखुद्यावर, म्हणजे गलबताच्या कप्तानावर.

अशा पत्रांत धंदा आणि घर वेगळं काढता येत नाही. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ पासून छापलेली पटवर्धन सरदारांची पत्रं पाहा: मोहीम, कर्ज, फौजेचा पगार, घरची दुखणी, सगळं शेजारी शेजारी. मला तर लढायांपेक्षा त्यातली पैशांची ओढाताणच जास्त खरी वाटते.

पण मोती काढणारा पाणबुड्या? तो नाखुद्याच्या कर्जात अडकलेला. त्याचं नाव सापडलंच तर खतावणीत, येणे रकमेसमोर.

आपण इथले मराठी लोक बहुतेक पगारदार, म्हणजे त्या पाणबुड्याच्याच बाजूचे. फरक एवढाच की आपल्याला लिहिता येत होतं. २ ऑगस्ट १९९० च्या इराकी आक्रमणानंतर अनेकांना घरं तशीच टाकून अम्मानच्या वाटेनं निघावं लागलं, आलेली पत्रं इथंच राहिली. गावी पाठवलेली मात्र गावीच असणार. तेव्हा या सुट्टीत आईची ट्रंक उघडा. बँक ड्राफ्टच्या पावत्याही फेकू नका, आणि ‘चांगली’ पत्रं तेवढी निवडू नका. घराच्या पत्र्यांसाठी पैसे पाठवल्याची ओळ इतिहासाला जास्त उपयोगी. नकला इथल्या आपल्या मराठी मंडळाकडे द्या आणि मूळ कागदांसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करा.