पाळी गेल्यानंतरची उन्हाळी

(छत्रपती संभाजीनगर येथे मराठवाड्यातील डॉक्टरांच्या परिषदेत केलेले अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं व्यवसायाच्या भवितव्यावर काहीतरी भारदस्त बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज लघवीवर बोलणार आहे. पाळी जाऊन पाच-दहा वर्षं झालेल्या बाईच्या लघवीवर आणि तिच्या योनिमार्गावर. पहिल्या रांगेतल्या काहींनी आत्ताच कार्यक्रमपत्रिका उघडून चहा किती वाजता आहे ते पाहिलं, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

ही बाई आपल्या सगळ्यांच्या ओपीडीत येते. पैठणची असेल, वैजापूरची असेल, सिडकोतली असेल. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत कागदांची चळत. "मॅडम, उन्हाळी लागली, लई आग व्हायलीय." कागद उलगडावेत तर नॉरफ्लॉक्सासिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन, मग सेफिक्झिम, मग नायट्रोफ्युरँटॉइन. प्रत्येक चिठ्ठीवर शेवटची ओळ अल्कलायझरच्या बाटलीची. धन्या-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा घरी करून झालेलाच असतो. कल्चर बहुतेक वेळा केलेलंच नसतं. केलं असेल तर त्यावर जंतूंची वाढ नाही असं लिहिलेलं असतं, आणि तरी खाली प्रतिजैविक दिलेलं असतं. एवढ्या कागदांत तिला टेबलावर घेऊन तपासल्याची नोंद शोधायला गेलात तर बहुधा सापडत नाही. माझं सगळं म्हणणं या न सापडणाऱ्या नोंदीबद्दल आहे.

टेबलावर घेतलं असतं तर काय दिसलं असतं? योनिमार्गाचं अस्तर फिकट, गुळगुळीत, सुरकुत्या गेलेलं. नेहमीचा स्पेक्युलम सरकत नाही, लहान घ्यावा लागतो. कापसाचा बोळा जरासा घासला तरी रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. मूत्रद्वाराच्या तोंडाशी लाली. पीएचची पट्टी लावली तर तरुणपणी साडेचारच्या आत असलेला आकडा पाचाच्या वर गेलेला. इस्ट्रोजेन कमी झालं की अस्तराच्या पेशींतलं ग्लायकोजेन कमी होतं, त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात, आम्लता जाते आणि आतड्यातले जंतू त्या मोकळ्या जागेत मुक्काम ठोकतात. मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा तळ याच संप्रेरकावर पोसलेला. म्हणून कोरडेपणा, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, रात्री तीनदा उठणं, खोकलं की कपडे ओले होणं या सगळ्या तक्रारी एका घरातल्या. २०१४ साली अमेरिकेतल्या दोन तज्ज्ञ संस्थांनी या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, जीएसएम, म्हणजे रजोनिवृत्तीचा जननमूत्र लक्षणसमूह. अंगातून निघणाऱ्या वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हा त्रास ओसरत नाही, उपचार केला नाही तर वाढतच जातो. आपल्याकडे पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. पुढची तीस वर्षं तिनं यातच काढायची का, हे ठरवणं आपल्या हाती आहे.

आणि यावरचं उत्तर जुनं आहे. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये राझ आणि स्टॅम यांचा अभ्यास आला. पाळी गेलेल्या, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ९३ बायका. काहींना योनीत लावायची इस्ट्रिऑलची क्रीम, काहींना निव्वळ क्रीम. औषधवाल्या गटात वर्षाला दर बाईमागे अर्धा संसर्ग, दुसऱ्या गटात जवळपास सहा. त्यानंतर तीसहून अधिक वर्षं गेली. एवढा ठसठशीत फरक दाखवणारी एखादी रक्तदाबाची गोळी असती तर तिचे प्रतिनिधी आपल्या दारात रांगा लावून उभे राहिले असते. ट्यूब स्वस्त, विकून फारसं सुटत नाही, त्यामुळे तिची आठवण करून द्यायला कुणी येत नाही.

बरं, आपण लिहून दिली तरी ती लावली जाते का? ट्यूब घरी जाते. खोक्यात घडी घातलेला पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं. शिकलेला मुलगा नाहीतर सून तो वाचते: स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी. ट्यूब कपाटात जाते, बहुतेक वेळा सीलही न फोडता. ही भीती आली २००२ मधून. त्या वर्षी अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा अभ्यास अर्ध्यावर थांबवला गेला. तो होता पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनच्या गोळ्यांचा. त्याचा इशारा मात्र सरसकट सगळ्यांना चिकटला. योनीत लावायच्या अल्प मात्रेतून रक्तात इतकं थोडं जातं की पातळी पाळी गेलेल्या बाईचीच राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ च्या नोव्हेंबरात हे चौकटीतले इशारे काढायची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर केलं. आपल्या खोक्यातला कागद कधी बदलेल तेव्हा बदलेल. तोवर चिठ्ठी देताना आपणच सांगायचं: "यात असं असं छापलंय, ते गोळ्यांबद्दल आहे, घाबरू नका." या एका वाक्याला वीस सेकंद लागतात.

लावायची पद्धतही तोंडी सांगावी लागते. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आणि ते चालू ठेवायचं. फरक पडायला काही आठवडे जातात, पूर्ण गुण यायला तीनेक महिने. थांबवलं की त्रास परत. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी आधी त्याचा तपास, मग क्रीम. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर आधी हार्मोनविरहित मॉइश्चरायझर, आणि पुढचं तिच्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलून. डेटॉल, तुरटीचं पाणी, सुगंधी वॉश हे सगळं बंद. कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायचे ते बोट आत घालून, ती नेमका कोणता स्नायू आवळते आहे हे पाहून. नुसतं "व्यायाम करा" म्हणून काही होत नाही. आणि मधुमेहाच्या चिठ्ठीवर डापाग्लिफ्लोझिन आहे का तेही पाहा. २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं, ते स्वस्त झालं, आणि लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या या गोळीनं बुरशीचा संसर्ग होणाऱ्या बायका आपल्याकडे खाज घेऊन येतात.

आता थोडं अवघड बोलते. विधवेला आपण हे विचारतच नाही. संबंध नाहीत, मग योनिमार्गाशी काय देणंघेणं, असं आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. क्रीम दिली की तीच संकोचते: "मला आता कशाला बाई हे?" मेडिकलवाल्याचा पोरगा काय म्हणेल, सून काय म्हणेल. तिला सांगावं लागतं की हे लघवीचं औषध आहे, लावायची जागा तेवढी ती आहे. नवरा असलेल्या बाईचं तरी काय? नवऱ्याला नाही म्हणायला कारण लागतं, आणि दुखतं हे कारण घरात धरलं जात नाही. आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञही इथं फार सोवळ्यातले नाही. पाळीचा इतिहास विचारतो, बाळंतपणं मोजतो आणि पाळी गेली म्हटलं की पेन खाली ठेवतो.

मराठवाड्यात हा विषय बीडला वळसा घालून पुढे जाऊच शकत नाही. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला: बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. दर सहा जणींमागे एक. देशभराचं बघायचं तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांतल्या निम्म्या जणी तेव्हा चौतिशीच्या आतल्या होत्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. मुकादम, उचल, खाडा झाला की दंड, पाळीच्या दिवसांत फडावर आडोसा नाही, यावर भरपूर लिहून आलं आणि ते यायलाच हवं होतं.

पण त्या बाईचं पुढं काय झालं, याचा हिशेब कुणी मांडला? अंगावरून पांढरं जातं आणि ओटीपोट दुखतं म्हणून तिशी-पस्तिशीत पिशवी काढली. सोबत अंडाशयं काढली असतील तर दुसऱ्या दिवशी पाळी गेलेली बाई तयार. ठेवली असतील तरी ती लवकर थकण्याची शक्यता वाढते. आज ती चाळिशीत आहे आणि अजून फडावर मोळ्या वाहते. डोक्यावर ओझं, उतरताना खाली दाब, कटितळ सैल, लघवी थेंबाथेंबानं. पाचटात बसायला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. खालचा त्रास घालवायला आपल्यापैकी कुणीतरी तिचं पोट उघडलं, आता खालचीच आग घेऊन ती आपल्याकडे आली आहे, आणि आपण तिला नॉरफ्लॉक्स देतो आहोत.

शहरातही फार वेगळं नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे जायकवाडीच्या काठावर राहून आपण रोज अनुभवतो. काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या घरात बाई पाणी पिण्याआधी ते उरेल का याचा विचार करते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं, बायका हिंडू लागल्या. पण स्थानकावरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीनं सकाळपासून घोटभरही पाणी न पिता प्रवास करणारी पन्नाशीची बाई तुम्ही पाहिली नसेल, असं मला वाटत नाही.

दुपारी अडीच वाजता मी तीन कलमांचा ठराव मांडणार आहे. आपल्या प्रत्येक दवाखान्यात पंचेचाळिशीपुढच्या बाईच्या केसपेपरवर दोन प्रश्न छापलेले असावेत: लघवीचा काही त्रास, आणि खाली कोरडेपणा किंवा दुखणं. पाळी गेलेल्या बाईला सहा महिन्यांत दुसऱ्यांदा लघवीसाठी प्रतिजैविक लिहिण्याआधी कल्चर आणि तपासणी, दोन्ही व्हावं. आणि योनीत लावायची इस्ट्रोजेन क्रीम प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळावी, अशी शासनाकडे मागणी करावी. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांच्या पाठपुराव्याची मागणी त्याच कलमात आहे. काही सहकाऱ्यांचं म्हणणं आहे की तिसरं कलम आपल्या कक्षेबाहेरचं आहे. मला ते पटत नाही, पण चर्चा व्हावी. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत लेखी द्याव्यात, म्हणजे सत्रात वेळ जाणार नाही.