गोळीचा वेग, रडार आणि पाच शॉटचा सापळा

  आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत. त्यामुळे बस-लोकलमध्ये ऐकताना काही निसटलं तर हा लेखी भाग सेव्ह करून ठेवा.

क्रिकेट बघताना बॉलरने बॉल टाकला की स्क्रीनवर लगेच आकडा येतो, १४५ किलोमीटर प्रतितास. हा आकडा बॉल हातातून सुटल्यावर लगेचचा असतो. बॅट्समनपर्यंत येईपर्यंत बॉल बराच हळू झालेला असतो. तरी आपण सगळे त्या एका आकड्यावर वाद घालतो. आज आपण त्याच जातीच्या मशीनबद्दल बोलणार आहोत, फक्त समोर बॉलऐवजी बंदुकीची गोळी आहे. या मशीनचं नाव रडार क्रोनोग्राफ.

उदाहरण घेऊ आपल्या ओळखीच्या खेळाचं. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याचा स्कोअर होता ४५१.४. त्यातल्या पॉइंटनंतरच्या आकड्याकडे नीट बघा. फायनलमध्ये दशांश गुण मोजतात आणि सगळा खेळ तिथे होतो. या प्रकारात .२२ एलआर नावाची छोटी गोळी वापरतात. मॅच दर्जाच्या अशा गोळीचा वेग साधारण ३२७ मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणजे तासाला जवळपास ११८० किलोमीटर.

आता हा वेग मोजायचा कसा? आणि मोजलाच, तर त्या आकड्यावर किती विसंबायचं? खरा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आहे, पण आधी पहिला उरकून घेऊ.

आधी कसं मोजायचे?

१७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने तोफगोळ्यांच्या विद्येवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक सोपी युक्ती वापरली. जड लाकडी ठोकळा झोपाळ्यासारखा टांगायचा आणि त्यावर गोळी झाडायची. गोळी लाकडात रुतते, ठोकळा मागे झुलतो. तो किती झुलला हे मोजायचं आणि गोळीचं व ठोकळ्याचं वजन वापरून वेग काढायचा. अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये बॅलिस्टिक पेंड्युलमचं गणित केलं असेल, ते हेच.

नंतर आले ऑप्टिकल क्रोनोग्राफ. दोन लाइट सेन्सर एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवायचे. गोळी वरून गेली की पहिल्यावर सावली, मग दुसऱ्यावर सावली. मधला वेळ मोजला की झालं. यात भानगडी दोन. एक, सेन्सरमधलं अंतर साधारण ३० सेंटीमीटर असेल तर आपली गोळी ते एक मिलिसेकंदाच्या आत पार करते. अंतरात १ मिलिमीटरची चूक असली तरी वेगात १ मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडतो. दुसरी भानगड म्हणजे हे यंत्र नळीच्या पुढे काही मीटरवर मांडावं लागतं. ऊन बदललं, ढग आले, इनडोअर रेंजवर ट्यूबलाइट लुकलुकली की रीडिंग गंडतं. शिवाय नेम जरा खाली गेला तर गोळी थेट यंत्रावर! जुन्या शूटर मंडळींना विचारा, असे किस्से भरपूर निघतील.

रडार काय करतं?

रडार क्रोनोग्राफ नळीच्या बाजूला, जरा मागे, टेबलावर ठेवतात. पुढे काही मांडायचं नाही, त्यामुळे रेंज थांबवून फायरिंग लाइनच्या पुढे जायचीही गरज नाही. साधारण दहा वर्षांपूर्वी लॅबरडार नावाचं मशीन सामान्य शूटरच्या हातात आलं. २०२३ च्या अखेरीस गार्मिनचं झेरो सी१ प्रो आलं, ते तर खिशात मावतं आणि फोनच्या ॲपला जोडता येतं.

आत काय चालतं? मशीन साधारण २४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतं. लहर पळणाऱ्या गोळीवर आपटून परत येते तेव्हा तिची फ्रिक्वेन्सी बदललेली असते. हा डॉप्लर इफेक्ट. ॲम्ब्युलन्स आपल्याला ओलांडून गेली की सायरनचा सूर उतरतो ना, तोच प्रकार. गणित सोपं आहे: दोन गुणिले वेग गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले प्रकाशाचा वेग. ३२७ मीटर प्रतिसेकंदाला फरक येतो साधारण ५२ हजार हर्ट्झ. आपल्या कानाची मर्यादा २० हजारांच्या आसपास असते, म्हणजे हा सूर त्याच्या बराच वर. इंजिनिअरिंगला एफएफटी शिकताना "हे कुठे वापरणार?" असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांच्यासाठी हे घ्या उत्तर. वेग १ मीटर प्रतिसेकंदाने बदलला की फ्रिक्वेन्सी १६० हर्ट्झने सरकते. एवढा फरक इलेक्ट्रॉनिक्सला आरामात कळतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्क्रीनवर दिसणारा नळीच्या तोंडाशी असलेला वेग मशीनने तिथे मोजलेला नसतो. मशीन बाजूला ठेवलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला ते गोळीकडे तिरकं बघतं. समजा मशीन नळीपासून २० सेंटीमीटर बाजूला आहे. गोळी १ मीटर पुढे असताना त्या कोनामुळे वेग २ टक्के कमी दिसेल, म्हणजे सहा-साडेसहा मीटर प्रतिसेकंद. गोळी १० मीटर पुढे गेली की तीच चूक ०.०२ टक्क्यांवर येते. म्हणून मशीन गोळीचा पुढे बराच पाठलाग करतं, वेगवेगळ्या अंतरांवरचे वेग घेतं, कोनाची दुरुस्ती करतं आणि त्या वक्ररेषेवरून मागे जाऊन नळीपाशी वेग किती असेल ते काढतं. म्हणजे तो आकडा थेट मोजमापाचा नाही, मोजमापावरून बांधलेला अंदाज आहे. अंदाज फार चांगला असतो, त्यात शंका नाही. कंपन्या ०.१ टक्के अचूकता सांगतात. आपल्या गोळीसाठी ती ०.३ मीटर प्रतिसेकंद झाली.

आणि सापळा इथेच आहे. मशीन इतकं अचूक आहे की आपला निष्कर्षही अचूक आहे असं वाटायला लागतं.

पाच शॉटचा सापळा

.२२ ची गोळी घरी भरता येत नाही, कारखान्यात बनलेलीच घ्यावी लागते. ती लॉटमध्ये येते आणि एकाच ब्रँडचे दोन लॉट वेगळे वागू शकतात. म्हणून सिरियस शूटर लॉट तपासतात आणि आवडला तर सीझनभराच्या गोळ्या त्याच लॉटच्या घेतात. घरच्यांनी पदरमोड करून दिलेले पैसे यात जातात, पुढच्या स्पर्धांचा स्कोअरही यावर ठरतो. त्यामुळे लॉटचा निर्णय साधासुधा नाही.

रेंजवर नेहमी दिसणारी पद्धत बघा. दोन लॉट, प्रत्येकी पाच शॉट. ॲप लगेच स्टँडर्ड डेव्हिएशन दाखवतं: पहिल्या लॉटचं २, दुसऱ्याचं ४. "दुसरा बेकार, पहिला घ्या!" झाला निर्णय.

आता गणित ऐका. समजा दोन्ही लॉट खरं तर अगदी सारखे आहेत. प्रत्येकी पाच शॉट घेतले, तर एकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन दुसऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसण्याची शक्यता किती? सुमारे २१ टक्के. दर पाच वेळांत एकदा, काहीही फरक नसताना! प्रत्येकी २० शॉट घेतले तर हीच शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. विश्वास बसत नसेल तर पायथॉनमध्ये दहा ओळींचं सिम्युलेशन लिहा. एकाच नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमधून पाच-पाच आकडे लाखभर वेळा काढा आणि स्वतः मोजा.

दुसऱ्या बाजूने बघू. पाच शॉटवर स्टँडर्ड डेव्हिएशन ३ आलं, तर त्या लॉटचा खरा आकडा १.८ पासून ८.६ पर्यंत कुठेही असू शकतो. हा ९५ टक्क्यांचा पट्टा आहे. १.८ म्हणजे सोनं आणि ८.६ म्हणजे कचरा, दोन्ही त्याच पट्ट्यात! वीस शॉटवर तोच ३ आला तर पट्टा २.३ ते ४.४ इतका आवळतो.

अजून एक आकडा लोक फार मिरवतात, एक्स्ट्रीम स्प्रेड. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू गोळीतला फरक. हा शॉटच्या संख्येबरोबर वाढतच जातो. ज्या लॉटचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन ३ आहे, त्याचा स्प्रेड पाच शॉटला सरासरी ७ येईल आणि वीस शॉटला ११. म्हणून कोणी नुसता "माझा स्प्रेड ६" म्हणाला, तर आधी विचारा, "किती शॉटचा?"

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं ओळखीचं आहे. पाच रिक्वेस्ट मारून "आपली सर्व्हिस फास्ट आहे" असं कोणी म्हणालं तर मीटिंगमध्ये हशा पिकेल. रेंजवर मात्र तेच करून आपण महिन्याचं बजेट ठरवतो.

टार्गेटवर फरक किती पडतो?

५० मीटर जायला या गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून १२-१३ सेंटीमीटर खाली येते. वेग ३ मीटर प्रतिसेकंदाने कमी पडला तर गोळी आणखी सुमारे २ मिलिमीटर खाली लागेल. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि दशांश गुणांत प्रत्येक ०.१ साठी ०.८ मिलिमीटर. म्हणजे २ मिलिमीटर म्हणजे जवळपास पाव गुण. एका शॉटला पाव गुण छोटा वाटेल, पण पॅरिसच्या फायनलमध्ये शॉट चाळीसहून जास्त होते.

तरीही फक्त वेगावर लॉट निवडू नका. गोळी सुटताना नळी थरथरते. कधीकधी ही थरथर अशी जुळून येते की हळू गोळी सुटताना नळी किंचित वर असते. मग हळू गोळी आणि वेगवान गोळी टार्गेटवर जवळजवळच लागतात. याला पॉझिटिव्ह कॉम्पेन्सेशन म्हणतात. म्हणजे रडारवर विस्कटलेला दिसणारा लॉट तुमच्याच रायफलमध्ये कागदावर छान ग्रुप देऊ शकतो. म्हणूनच मोठे खेळाडू लापुआ, एली अशा कंपन्यांच्या टेस्ट सेंटरवर स्वतःची रायफल घेऊन जातात, तिथे वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि ५० मीटरवरचा ग्रुप बघून ठरवतात. वेगाचा आकडा जोडीला असतो, पण शेवटचा शब्द टार्गेटचा.

मग रेंजवर काय करायचं?

एक. मशीन स्थिर ठेवा, नळीला समांतर ठेवा आणि बाजूचं अंतर सेट करायची सोय असेल तर मोजूनच भरा.

दोन. लॉटमागे किमान वीस शॉट घ्या. दहा शॉट पहिल्या लॉटचे, दहा दुसऱ्याचे, मग पुन्हा दहा-दहा, असं आलटूनपालटून. नाहीतर सकाळचा गारवा आणि दुपारचं ऊन यांतला फरक लॉटच्या नावावर जमा होतो.

तीन. लॉट बदलल्यावर सुरुवातीचे काही शॉट मोजणीत धरू नका. .२२ च्या गोळीवर मेणाचं किंवा ग्रीसचं आवरण असतं आणि नळीला नव्या आवरणाची सवय व्हायला वेळ लागतो. किती शॉट सोडायचे ते आधी ठरवा, आकडे बघून नाही.

चार. विचित्र रीडिंग आलं तर कारण शोधा. शेजारच्या लेनमधल्या रायफलचा शॉट मशीनने पकडला असेल तर ते खुशाल डिलीट करा. पण "हा शॉट आवडला नाही" हे कारण होत नाही. एकदा नावडते आकडे पुसायला लागलात की कुठलाही लॉट जगातला सर्वोत्तम ठरेल.

पाच. ॲपमधून सगळे आकडे एक्स्पोर्ट करा. तारीख, तापमान, लॉट नंबर सोबत लिहा. आज वीस, पुढच्या महिन्यात वीस, असं साठत गेलं तर वर्षाअखेरीस तुमच्याकडे अशी माहिती असेल जी कुठल्याही ब्रोशरमध्ये मिळणार नाही.

सहा, आणि हे सगळ्यात आधी. रेंज ऑफिसर जे सांगेल ते अंतिम. मशीनची स्क्रीन बघण्याच्या नादात नळी कुठे वळली याचं भान सुटता कामा नये.

तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीत कोणी शूटिंग करत असेल, विशेषतः जिल्हा-राज्य पातळीवर खेळणारी मुलं-मुली असतील, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. पुढच्या वेळी लॉट निवडताना त्यांनी पाचऐवजी वीस शॉट मोजले तरी आजची मेहनत वसूल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!