खून कोणी केला, आणि का?

आम्ही परळ-लालबागच्या चाळींतल्या सात-आठ जणी. बहुतेकींची साठी उलटलेली. दर गुरुवारी दुपारची कामं आवरली की एकीच्या खोलीत जमतो आणि कादंबरी वाचतो. त्याबद्दल आज थोडं बोलतो.

आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मोठी चलती होती. त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड ही नावं पोराटोरांना पाठ. लायब्ररीतून आणलेलं एक पुस्तक चार घरं फिरायचं. आम्हा मुलींच्या हाती ते सगळ्यात शेवटी यायचं. तेव्हा घाई एकच, खून कोणी केला?

आता वाचताना वेगळंच मनात येतं. त्यानं असं का केलं? घरातल्या बाईला आधीच कळलं होतं, तर ती गप्प का राहिली? संसार करून झालेल्या बाईला हे प्रश्न आपोआप पडतात.

अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेनं 1930 साली मिस मार्पल नावाची म्हातारी कादंबरीत आणली. खेड्यात राहणारी, लोकरीचं विणकाम करणारी. पोलीस तिला मोजत नाहीत. पण आयुष्यभर गावातली माणसं पाहिलेली असल्यानं ती गुन्हेगार बरोबर ओळखते. मैत्रिणींनो, अशी एक तरी आजी तुमच्या गावात असेलच.

हल्लीच्या कादंबऱ्यांत मात्र शेवटी सगळा उलगडा होतोच असं नाही. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणापायी गाव सुटलेल्या माणसांची ती गोष्ट. आम्हाला ती परकी वाटली नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. आमच्या घरांतल्या त्या गोष्टीलाही शेवटचं पान नाही. म्हणून अर्धवट वाटणारी कादंबरी आम्हाला खोटी वाटत नाही.

लोक म्हणतात, या वयात कादंबऱ्या कसल्या, पोथी वाचा. पोथीही वाचतोच. पण आमच्यातल्या एकीला हल्ली नावं आठवत नाहीत, मागच्या गुरुवारचं सगळं पुसलं जातं. ती यायचीच बंद होणार होती. मग आम्ही ठरवलं, आधी मागची गोष्ट सगळ्यांनी मिळून सांगायची, मग पुढचं पान. आता ती येते. नावं विसरते, पण कोण खोटं बोलतंय हे सगळ्यांत आधी तीच सांगते.

तुमच्या बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास काढून बघा. जिची नजर चांगली तिनं मोठ्यानं वाचावं. वाचता न येणारीनं ऐकावं, तिचा तर्क बहुधा पक्का असतो. शेवटच्या प्रकरणाआधी थांबा आणि प्रत्येकीला विचारा, तुला काय वाटतं? ज्या बाईला घरात कोणी मत विचारत नाही, तिला आधी विचारा.