घर बांधावयास देतांना

'घर पाहावें बांधून' ही म्हण ज्यांनीं अनुभवली, त्यांतील पुष्कळांची तक्रार कंत्राटदाराविषयीं असते. सर्वांत कमी दर भरणारा शेवटीं स्वस्तच पडतो असें नाहीं. राहिलेली तूट पुष्कळदां 'जादा काम' या सदरांत भरून निघते. म्हणून सहीपूर्वीं प्रत्येक कामाचें माप, दर व मालाचा प्रकार लेखी ठरवावा. एक ब्रास म्हणजे वाळूंत १०० घनफूट, परंतु गिलाव्यांत १०० चौरस फूट, हें ध्यानीं असावें. पैसे झालेल्या कामाच्या मापानेंच द्यावे व कांहीं रक्कम अखेरपर्यंत राखून ठेवावी. काँक्रीटवर निदान ७ दिवस, मिश्र सिमेंट असल्यास १० दिवस, पाणी मारलें जातें कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. जन्माची पुंजी या कामांत पडते. तेव्हां विश्वास अवश्य टाकावा, परंतु तो कागदावर उतरवून.