मस्कतचा कहवा

आमच्या मावळात पाहुण्याला चहा द्यायचा तो काठोकाठ, थोडा बशीत सांडला तरी चालेल. अर्धा कप दिला तर तो गावभर सांगेल! ओमानमध्ये, मस्कतच्या एका अरब घरी मात्र बिनकानाच्या इवल्या पेल्यात तळाशी घोटभरच कहवा मिळाला, सोबत खजूर. तिकडे पेला भरून देणं म्हणजे ‘आता उठा’ म्हणणं. थोडं थोडं ओतत राहायचं, म्हणजे पाहुणा बसतो. पुरे झालं की त्यानं पेला नुसता हलवायचा.

नमाज अरबीत पढणारा मी. पण बोलायला अरबी येईना. घरातल्या आजोबांनीच हिंदीत सुरुवात केली. तरुणपणी ते मुंबईत राहिलेले. मस्कतच्या बाजारातही १९७० पर्यंत रुपया चालायचाच.

“तुमची घरची भाषा कोणती?”

“मराठी.”

“मग दुआ कोणत्या भाषेत मागता?”

आई आजारी होती तेव्हा मराठीतच मागितली होती, तसं सांगितलं. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी नेलेल्या लोणावळ्याच्या चिक्कीचा तुकडा त्यांनी उचलला, आणि दात नसल्यामुळे कहव्यात बुडवून ठेवला.