पहिल्या संग्रहाचे पारितोषिक



नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाला पारितोषिक देण्याची चाल आपल्याकडे आता रुळली आहे. असे एखादे पारितोषिक आपल्या मीरा-भाईंदरनेही ठेवावे काय, आणि ठेवल्यास कसे, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनांचा विभाग निराळा आहे. त्यातील काव्याच्या पुरस्कारास बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिलेले आहे. प्रौढ वाङ्मयातील काव्याचा पुरस्कार कवी केशवसुतांच्या नावाने आहे. आता योगायोग पाहा. केशवसुत १९०५ साली वारले आणि त्यांची कविता पुस्तकरूपाने हरिभाऊ आपट्यांनी मागाहून काढली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. ‘बहिणाबाईची गाणी’ बाहेर पडली १९५२ साली. दोघांपैकी एकालाही आपला संग्रह हाती घेऊन पाहता आला नाही! शिवाय या पुरस्कारासाठी पुस्तक प्रवेशिकेसह दाखल करावे लागते, आणि बहिणाबाईंना तर लिहितावाचता येत नव्हते.

मग ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी? जात्यावर, शेतात, घरकाम करताना त्या म्हणत, आणि चिरंजीव सोपानदेव व घरातील एक नातेवाईक ती उतरवून घेत. सोपानदेव स्वतः कवी, तरी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविताना त्यांना संकोच वाटला म्हणतात. अत्र्यांनी मात्र ती छापलीच पाहिजे असा आग्रह धरला आणि प्रस्तावनाही लिहिली. आमच्या मते बहिणाबाईंना खरे पारितोषिक मिळाले ते वही घालणाऱ्याकडून. पुस्तक झाल्यावर शाबासकी द्यायला सगळेच येतात.

नाशिकला मुक्त विद्यापीठाचे कुसुमाग्रज अध्यासन आहे. तेथून नवोदितांच्या पहिल्या संग्रहाला ‘विशाखा’ पुरस्कार दिला जातो. नाव गोड आहे. पण ‘विशाखा’ हा कुसुमाग्रजांचा पहिला संग्रह नव्हे. पहिला ‘जीवनलहरी’, १९३३ चा. ‘विशाखा’ १९४२ साली आली, ती वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने. येथे बसलेल्यांपैकी ‘जीवनलहरी’ किती जणांनी पाहिली असेल? आम्ही दोष काढीत नाही. पहिल्या पुस्तकात पुढच्या पुस्तकाची चाहूल ओळखणे हे परीक्षकाचे काम किती अवघड आहे, एवढेच यावरून दिसते. आम्हीही एकदा परीक्षक होतो. पहिले दहा संग्रह नीट वाचले, पुढचे चाळले. त्या चाळलेल्यांत कोण राहून गेला, हे आम्हांस कधीच कळणार नाही.

उलट उदाहरण अरुण कोलटकरांचे. १९५४ साली निघालेल्या ‘शब्द’ या अनियतकालिकाच्या काळापासून त्यांचे लेखन चालू होते. पण इंग्रजी ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आली १९७६ साली आणि मराठी कवितांचे पुस्तक १९७७ साली. त्याच वर्षी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, आणि तो तेव्हा पहिल्याच संग्रहांसाठी असे. कवीने चाळिशी ओलांडली होती. तेव्हा पस्तीस वर्षांच्या आतील कवींनीच यावे, अशी अट कोणी सुचवील तर तिला आमचा विरोध राहील.

आता आपल्या गावाकडे येऊ. मुर्धे, राई, मोरवे, उत्तन ही गावे आगरी-कोळ्यांची. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली तेव्हा भोवती इमारती उठल्या. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले म्हणते. ते बहुतेक तोंडीच चालत आलेले. इमारतींतून राहणारे नवे कवीही आहेत. त्यांची अडचण निराळी. पदरमोड करून काही शे प्रती छापायच्या, आणि उरलेल्या पलंगाखाली ठेवायच्या. अशा वेळी छापील पुस्तकालाच पारितोषिक ठेवले, तर ते मुळात छपाईचे पैसे असणाऱ्यालाच मिळणार. त्याचे कौतुक होईल, पण ज्याची वही ट्रंकेत पडली आहे त्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून आमची सूचना अशी की आपले पारितोषिक हस्तलिखिताला असावे. रोख रकमेऐवजी छपाईचा खर्च उचलावा. शहरातील वाचनालयांनी काही प्रती विकत घ्याव्यात, फुकट मागू नयेत. कवीने याच व्यासपीठावर एक संध्याकाळ कविता वाचाव्यात आणि आपण तिकीट काढून यावे. दोन रुपये का होईना. वयाची अट नको. आणि एक कलम आम्ही आग्रहाने घालू इच्छितो: ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने उतरवून घेतलेली वहीही स्वीकारावी. मात्र परंपरेने आलेले कोणते आणि म्हणणारीने स्वतः रचलेले कोणते, हे तिला विचारून वेगळे लिहावे. वहीवर नाव तिचे घालावे. उतरवून घेणाऱ्याचे आतल्या पानावर, लहान अक्षरांत.