सर्व्हर उठेना तेव्हा



'तू पुण्यात नेमकं करतोस काय?' असं कालपासून चौघांनी विचारलंय. एका रात्रीचं काम सांगतो.

एका सहकारी बँकेचा सर्व्हर. त्यावर एआयएक्स ही युनिक्सची प्रणाली. शनिवारी रात्री कंत्राटावरच्या एका मुलानं पॅच चढवले, सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि तो उठलाच नाही. सोमवारी उसाच्या बिलासाठी शाखांपुढं रांगा लागणार. फोनवर जो तो म्हणे, सगळं पुसा, नव्यानं टाका.

मी म्हटलं, थांबा. खात्यांची माहिती वेगळ्या डिस्कवर होती, तिला धक्का नव्हता. सर्व्हर सुरू होताना डिस्कच्या एका छोट्या राखीव भागातून स्वतःला उठवतो. पॅचनंतर त्या भागातली बूट इमेज नव्यानं बनवावी लागते. त्यासाठी टेम्पमध्ये जागा लागते, आणि टेम्प भरलेलं होतं. मुलाच्या लॅपटॉपवर पडद्याची सगळी नोंद होती, ती वाचली. शेकडो ओळींत एक ओळ स्पष्ट होती : बॉसबूट अयशस्वी, या डिस्कवरून बूट करू नका.

मग नेटवर्कवरून सर्व्हर मेंटेनन्स मोडमध्ये उठवला, मूळ डिस्क जोडली, टेम्प मोकळं केलं, बॉसबूट चालवलं, बूटलिस्ट लावली. कमांड दोनच. बाकी रात्र गेली ती डिस्क हीच का, याची खात्री करण्यात! पहाटे लॉगिनची ओळ दिसली.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसले, आपल्याकडं विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले, ते आठवत असेल. तिथंही माहिती शाबूत होती, संगणक तेवढे उठत नव्हते. कितीतरी ठिकाणी एकेका संगणकापाशी बसून एक फाइल काढावी लागली.

आपल्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कच्चं मडकं शोधलं, ही कथा तेरच्या पोराला सांगायला नको. पॅचनंतर रीस्टार्टच्या आधी मी तसंच थापटून बघायला लावतो : टेम्पमध्ये जागा आहे का, बॉसबूट झालं का, दुसऱ्या डिस्कवर जुन्या प्रणालीची प्रत आहे का.

त्या मुलाला काढून टाकायचं चाललं होतं. मी साहेबांना म्हटलं, त्यानं नोंद जपली म्हणून आपण सोमवार गाठला. आता त्या बँकेचं पॅचचं काम तोच बघतो.